कायतानचं अंदाजपत्रक

नारळ आतून भरलाय का ते बघतात तसा
कायतान चॅसीवर स्क्रूड्रायव्हर वाजवत गेला.
टण, टण, टण,
मग एका जागी आवाजच नाही,
पातं थेट आत.
"हें सरलें, बाये," तो म्हणाला
आणि पातं पँटला पुसत राहिला,
पुसून झालं तरी.

एकवीस वर्षांचा पिकअप.
म्हार्दोळ, फातर्पे, नार्वे, जांबावली,
जिथे देव पालखीत बसला तिथे आम्ही खाजं घेऊन हजर.
पत्रे, बांबू, कढई, पेट्रोमॅक्स, पुढे बॅटरीचे दिवे,
आणि एकदा ताडपत्रीखाली तापाने फणफणलेला साईश.
हौद्याच्या फटींतून गूळ इतका झिरपलाय
की पाक कुठे संपतो आणि गंज कुठे लागतो
ते फक्त मुंग्यांना माहीत.
डॅशबोर्डात त्यांचं गाव आहे.
करकचून ब्रेक लागला
की बाहेर येऊन बघतात, काय झालं.

अंदाज त्याने खोक्याच्या झाकणावर लिहिला.
चॅसी, पट्टी मारून जोडणे: अठ्ठावीस हजार.
हौद्याला नवा पत्रा: बारा.
इंजिन: उघडल्यावर कळेल.
डाव्या दाराचं आतलं हँडल: साडेचारशे.
खाली रेघ ओढली, बेरीज केली नाही.

साईशने मोबाईलवर नवा दाखवला.
पांढरा, एसीवाला.
हप्ता चौदा हजार, सात वर्षं.
कुंडईच्या कंपनीत तो गोळ्यांची खोकी मोजतो,
आकडे त्याच्या तोंडी सरळ येतात.
"सात वर्षं" ऐकलं आणि हे गप्प झाले.
सात वर्षांनी हे एकोणसत्तर, मी चौसष्ट.
आणि खाजं?
परवा फातर्प्याला एका पोरीने विचारलं,
आजी, हे काय असतं?
तुकडा तोंडात टाकला, आलं झोंबलं, पाणी मागितलं,
आणि पाव किलो बांधून घेऊन गेली.
यातलं हिशेबात काय धरायचं?

बांबोळीचे डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही गुडघे बदला.
हे म्हणाले, तेल लावून बघतो.
तोच माणूस आता रात्री उठून अंगणात जातो,
बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो.
बॉनेट थंड.
रात्रीचे दोन वाजलेत, थंडच असणार.

मला कुणी विचारलं नाही.
मी नुसती डाव्या बाजूला बसते.
ते दार आतून उघडत नाही, बारा वर्षं झाली.
प्रत्येक जत्रेत गाडी लागली
की हे उतरतात, पुढून वळसा घालतात,
पूर्वी तरातरा, आताशा बॉनेटला धरून,
आणि माझं दार उघडतात.
लग्नात हात धरला तो भटजींनी सांगितलं म्हणून.
देवळाच्या पायऱ्या चढताना दहा पावलं पुढे,
मागे वळून बघतील तर शपथ.
पण माझं पाऊल जमिनीला लागेपर्यंत
दार धरून उभे असतात.
काही बोलत नाहीत.
मीही परकर सावरत वेळ काढते.

काल झाकण माझ्यासमोर ठेवलं.
"तू बघ," म्हणाले, आणि न्हाणीकडे गेले.
अठ्ठावीस हजार ठेवले. पत्रा ठेवला.
उघडल्यावर कळेल, तेही ठेवलं,
आमचं तरी वेगळं काय चाललंय.
साडेचारशेवर काट मारली.

कायतानने झाकण उलटंसुलटं करून बघितलं.
अगो, सगळ्यात स्वस्त काम तर हेच होतं.
म्हटलं, राहू दे ते.
माघात म्हार्दोळची जत्रा आहे,
तोवर बाकीचं जोडून दे.